काकूंच्या नावाचं बिल

लाइनवाल्या काकू रागावल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. सकाळी आमच्या फाटकाची कडी वाजायची तीही रागानेच. "काय हे फाटक तुमचं! तेल घालायला कोणी येणार आहे का सरकारकडून?" असं म्हणतच त्या आत यायच्या, ओटल्यावरचा दिवा चालू दिसला तर फटकन बंद करायच्या आणि मग हात पुढे करायच्या. "द्या. बिजली, नल, फोन, काय असेल ते एकदम द्या. मी रोज-रोज येणार नाही." येत त्या रोजच असत. निदान आमच्या गल्लीत तरी त्यांचा एक फेरा झाल्याशिवाय सकाळ पुरी व्हायची नाही.

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं कुणाला वाटलंही नव्हतं. आधी त्या 'टाइम ऑफिसवाल्या काकू' होत्या. हिंदी मुलखातल्या त्या शहरात आमच्या क्लर्क कॉलनीच्या मागेच कापड मिलची भिंत होती, भिंतीला लागून मिलचे क्वार्टर होते, आणि काका मिलच्या टाइम ऑफिसात कामगारांच्या हजेरीचं काम बघायचे. त्यांच्या घरून आमच्याकडे दिवाळीचा फराळ यायचा, आमच्याकडून संक्रांतीचं वाण जायचं. मिल बंद पडली तशा त्या 'बिचाऱ्या काकू' झाल्या. आणि वर्षभरात 'लाइनवाल्या काकू'. हे शेवटचं नाव तेवढं त्यांनी स्वतः कमावलेलं होतं.

'मिल बंद पडली' असं सगळे म्हणायचे, अजूनही म्हणतात. मला त्या बोलण्याचाच संताप येतो. भिंत पडते, झाड पडतं. मिल अशी आपोआप पडत नाही. ती कुणीतरी बंद करतं, फाटकाला कुलूप घालतं आणि निघून जातं. तेव्हा पेपरात रोज नवा जमाना आल्याच्या बातम्या असायच्या, टीव्हीवर नवनवीन चॅनल दिसायला लागले होते, आणि आमच्या मागच्या भिंतीपलीकडे हजारो माणसं अंगणात खाटा टाकून बसून होती. काका रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे. भोंगा वाजला आणि आपण तयार नसलो तर, ही भीती. काकू म्हणायच्या, "यांची दाढी बघितली की माझ्या डोक्यात आग लागते. कोणासाठी करून राहिले ही दाढी?"

काकूंना लाइनीचा शोध आमच्याच बिलामुळे लागला. आईचा पाय मुरगळला होता आणि विजेच्या बिलाची शेवटची तारीख होती. काकू म्हणाल्या, मी जाते. त्या काळी बिजली ऑफिसात पैसे भरायची एकच खिडकी चालू असायची आणि पुरुषांची रांग पार बाहेरच्या लिंबाच्या झाडापर्यंत जायची. पण बायकांची रांग वेगळी, आणि तिच्यात दोन-तीनच जणी. खिडकीतला बाबू एक बिल पुरुषांचं घ्यायचा, एक बायकांचं. तोच तिथला रिवाज होता. काकू अर्ध्या तासात परत आल्या आणि ओटल्यावर उभं राहून बाबांवरच उखडल्या. "भाऊजी, तुम्ही दर महिन्याला अर्धी छुट्टी टाकून जाता? तिकडे लेडीज लाइन रिकामी पडलीय, आणि अख्ख्या कॉलनीचे पुरुष उन्हात उभे! डोकं आहे का कोणाला?"

पुढच्या महिन्यात शेजारच्यांचं बिल त्यांच्या पिशवीत गेलं, मग समोरच्यांचं. एका बिलाला एक रुपया, पुढे महागाई वाढली तसे दोन. घरातून बिल न्यायचं, भरायचं, शिक्का मारून आणायचं, उरलेले सुट्टे हातावर ठेवायचे. आम्हाला फक्त पैसे काढून ठेवायचे असत. आज ज्याला लोक आपोआप भरणं म्हणतात, ते आमच्या गल्लीत तेव्हापासून होतं. ते आपोआप व्हायचं, कारण एक बाई चालत जायची.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. माझी शाळेतली नोकरी नुकतीच सुरू झाली होती आणि मला नवं फोन कनेक्शन कसं घ्यायचं ते बघायचं होतं. वाटेत आधी बिजली ऑफिस लागलं. काकूंनी पिशवीतली बिलं काढली तसा खिडकीपाशी पुरुषांच्या रांगेत गलका झाला. एक जण ओरडला, "ओ माताजी, एक लेडीज का एक बिल! पूरे मोहल्ले का पुलिंदा लेके आ गईं! ऐसे नहीं चलेगा भिया!" बाकीच्यांनी त्याची री ओढली. काकू वळल्या. पदर कमरेला खोचलेलाच होता. "ये सब तुम्हारे ही घर के बिल हैं. तुम्हारी घरवालियाँ तुम्हारे वास्ते रोटी बेल रही हैं, इसलिए मैं खड़ी हूँ. जाओ, तुम घर जाके बेलो, उनको भेजो. मैं हट जाती हूँ." रांगेत कुणीतरी हसलं आणि ओरडणारा मागे सरकला. खिडकीतले तिवारी बाबू मान वर न करता म्हणाले, "लाओ मराठी बाई, जल्दी करो." त्यावर काकू त्यांच्यावरही घसरल्या, की शिक्का नीट मारा, मागच्या वेळचा अर्धाच उमटला होता. तिवारी बाबूंचं आणि त्यांचं दर महिन्याला वाजायचं. पण काकूंचे सुट्टे ते आधीच बाजूला काढून ठेवत, हेही मी त्या दिवशी पाहिलं.

काकूंच्या रागाचा मोठा वाटा आमच्या दिव्यांवर खर्च व्हायचा. बिल हातात घेतलं की आकडा बघून त्यांचा चेहरा बदलायचा. "एवढं? काय लग्न होतं काय घरात?" समोरच्यांनी गीझर बसवला तेव्हा त्यांनी त्या घरच्या सुनेला दारात उभं करून विचारलं, चुलीवर पाणी तापत नाही का आता. कुणाच्या न्हाणीघरात बल्ब जळत राहिला, कुणाचा पंखा रिकाम्या खोलीत फिरतोय, हे त्या बाहेरूनच ओळखायच्या आणि आत घुसून बंद करायच्या. "कोणाच्या बापाचा उजेड आहे हा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाबांना ते फार लागायचं. "पैसे आपले, बिल आपलं. हिला काय करायचंय?" ते आईजवळ कुरकुरायचे. तोंडावर बोलायची हिंमत मात्र नव्हती, कारण मग रांगेत कोण उभं राहणार?

हिला काय करायचंय, ते मला एका संध्याकाळी कळलं. आईने दिलेलं लोणचं घेऊन मी क्वार्टरवर गेले होते. दिवेलागणीची वेळ. आमच्या कॉलनीत दिवे लागले होते आणि भिंतीच्या अलीकडे, क्वार्टरांच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही नाही. क्वार्टरची वीज मिलच्या नावावर होती. मिल चालू असताना पगारातूनच तिचे पैसे कापून जायचे. मिलने भरणं सोडलं तशी सगळी लाइन कापली गेली. काकू दारात बसून रॉकेलच्या चिमणीची काच फडक्याने पुसत होत्या. आतून काका म्हणाले, "मिल चालू झाली की येईलच लाइट. चार दिवसांचा तर सवाल आहे." काकू काच इतक्या जोरात पुसायला लागल्या की आता फुटते, असं मला वाटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सगळ्या गल्लीचे दिवे मी चालू ठेवते, मीने. आणि माझ्या घरचं बिलच येत नाही. आलं असतं तर भरलं नसतं का मी?"

त्यांना वीज हवी होती, हे तर झालंच. पण त्याहून त्यांना बिल हवं होतं. स्वतःच्या नावाचं. बिल नाही म्हणजे त्या घरात कुणी राहतं याची कुठे नोंदच नाही. रेशन कार्डवाले बिल मागायचे, गॅसवाले बिल मागायचे. त्यांच्या हातात रोज पिशवीभर बिलं असत आणि त्यातलं एकही त्यांच्या कामाचं नसे.

त्यांनी नव्या मीटरसाठी अर्ज केला. बाहेरच्या खिडकीवर त्यांचं राज्य होतं, पण हा कारभार आतल्या खोलीतला, आणि आत लेडीज लाइन नव्हती. आतल्या साहेबाने सांगितलं, जागा मिलची आहे, मिलची चिठ्ठी आणा. आता मिल म्हणजे कोण? मालक कधीच निघून गेले होते, ऑफिसला कुलूप होतं. फाटकावर एक म्हातारा चौकीदार तेवढा उरला होता. काकूंनी त्याच्याकडूनच चिठ्ठी घेतली. काकांनी आपल्या टाइम ऑफिसच्या वळणदार अक्षरात मजकूर लिहिला, चौकीदाराने खाली अंगठा उमटवला. त्यांच्या दृष्टीने यात काहीच चुकीचं नव्हतं. वर्षानुवर्षं फाटकातून कुणाला आत सोडायचं हे चौकीदार ठरवायचा आणि आत आलेल्याची हजेरी काका लावायचे. मिल चालायची ती या दोघांच्या जिवावर, मग मिलची चिठ्ठी आणखी कोण देणार?

ती चिठ्ठी द्यायला काकूंनी मला सोबत नेलं. साहेबाने मला बघून "बैठिए मॅडम" म्हणत खुर्ची पुढे केली. काकूंना तो काहीच म्हणाला नाही. त्याने चिठ्ठी वाचली, अंगठा बघितला आणि हसायला लागला. मग शेजारच्याला दाखवली, तोही हसला. "चौकीदार ने एनओसी दी है! वाह!" म्हणत ती चिठ्ठी साऱ्या खोलीत फिरली. मी संतापून खुर्चीवरून उठले. काकूंनी चिठ्ठी त्यांच्या हातातून ओढून घेतली. "हस लो. जो लिखा है वो झूठ है क्या? मैं वहाँ रहती हूँ कि नहीं रहती?" साहेबाने पुढची फाइल पुढ्यात ओढली.

बाबांच्या कचेरीतले एक साहेब बिजली ऑफिसच्या इंजिनियरचे साडू होते. काकूंनी बाबांकडे कधी काही मागितलं नव्हतं, त्या साहेबांकरवी इंजिनियरच्या कानावर घाला, एवढंच मागितलं. बाबा म्हणाले, "बघू." पुढच्या महिन्यात विचारलं, बाबा म्हणाले, "बघतो ना." माझ्या वडिलांचा मला फार लळा होता. ते आयुष्यात कुणाशी वाईट वागले नाहीत. पण त्यांचं ते 'बघू' आठवलं की आजही माझ्या कपाळाची शीर उडते. एक शब्द टाकायचा होता. त्यांना संकोच वाटत होता, आणि त्या संकोचाची किंमत दुसरंच कुणीतरी अंधारात बसून चुकवत होतं.

अशात ते बँकेचं आलं. टाय लावलेला एक तरुण आमच्या ओटल्यावर बसून बाबांना समजावत होता. "अंकलजी, बस एक बार साइन कर दीजिए, फिर भूल जाइए. बिल आएगा, अपने आप खाते से कट जाएगा. चार्ज कुछ नहीं." बाबा खूश झाले. फुकट, आणि शिवाय दिव्यांवरून कुणाचं ऐकून घ्यायला नको. त्यांनी सही केली. गल्लीतल्या बहुतेकांचे पगार त्याच बँकेत जमा व्हायचे. बाबांनी केलं म्हणून शेजाऱ्यांनी केलं, शेजाऱ्यांनी केलं म्हणून समोरच्यांनी.

काकूंना कुणीही सांगितलं नाही. कोपऱ्यावर भेटले तरी नाही, देवळात भेटले तरी नाही. पुढच्या महिन्यात त्या पिशवी घेऊन नेहमीसारख्या आल्या आणि गल्लीच्या त्या टोकापासून दर दारात त्यांना तेच ऐकावं लागलं. आता बँकेतूनच जातं काकू. राहू द्या काकू. चहा घेता का काकू? दुपारची वेळ होती, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. आमचं घर गल्लीत शेवटचं. त्या आत आल्या तेव्हा पिशवी रिकामीच होती. बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "वहिनी, मी सांगणारच होतो तुम्हाला."

मला वाटलं आता त्या बरसणार. पण त्या शांतपणे खुर्चीवर बसल्या. आमच्या घरात त्या बसलेल्या मी पहिल्यांदा पाहत होते. "भाऊजी, ते बिल सगळं आपोआप भरलं जातं?"

"हो ना. काही बघावं लागत नाही."

"मग त्या बँकवाल्याला म्हणा, आमच्या घरचं पण भर म्हणावं आपोआप."

"हो, हो, सांगतो की," बाबा घाईघाईने म्हणाले, आणि लगेच अडखळले. "तुमचं... कोणतं बिल?"

"तेच तर!" काकू उभ्या राहिल्या. "तेच तर विचारून राहिले मी तुम्हाला तीन वर्षांपासून!"

बाबांची मान खाली गेली. काकू ओटल्यावर गेल्या आणि त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. भर दुपारी, लख्ख उन्हात, दिवा लागला. मग त्या परत आत आल्या, बैठकीतला लावला, पंखा लावला, स्वयंपाकघरात जाऊन तिथलाही लावला. "जळू द्या आता. कोणी भरायला जायचं नाहीये ना? आपोआप भरलं जातं ना? मग जळू द्या!" फाटकाची कडी वाजली आणि त्या गेल्या. बराच वेळ कुणी उठून दिवे बंद केले नाहीत. मग बाबा उठले तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या." माझा आवाज इतका चढलेला होता की ते पुन्हा खाली बसले.

त्यानंतर त्या आमच्या गल्लीत आल्या नाहीत. दोन वर्षांनी क्वार्टर पाडले. ज्यांच्याकडे पत्त्याचा एखादा जुना कागद होता, ते भांडू तरी शकले. काका-काकूंकडे चौकीदाराच्या अंगठ्याची ती चिठ्ठी होती. मिलच्या जागेवर आता उंच इमारती आहेत, खाली काचेची दुकानं आहेत, आणि रिकाम्या पार्किंगमध्येसुद्धा दिवे जळत असतात. तिथून जाताना 'कोणाच्या बापाचा उजेड' हे शब्द माझ्या ओठावर येतात, आणि मी ते गिळत नाही. रिक्षावाले वळून बघतात. बघू देत.

काकूंचे भाऊ मानपुरला होते. आग्रा रोडवर त्यांचं चहा-पोह्यांचं हॉटेल होतं, ट्रकवाल्यांची गर्दी असायची. हॉटेलमागची एक खोली त्यांनी बहिणीच्या नावावर करून दिली. काका तिथे फार दिवस जगले नाहीत. भावाने फोनवर सांगितलं, शेवटच्या दिवशीही सकाळी त्यांनी दाढी केली होती. हे कळलं तेव्हा मी मानपुरला गेले. बाबाही तोवर गेले होते आणि घरचा कारभार माझ्याकडे आला होता.

काकू आता थकल्या होत्या, पण मला बघताच म्हणाल्या, "एवढ्या उन्हात येतात का? अक्कल नाही तुला." मग त्यांनी ट्रंकेवरच्या डब्यातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. "वाच. जोरात वाच." विजेचं बिल होतं. मी वाचलं, श्रीमती सुशीलाबाई. इतक्या वर्षांत त्यांचं नाव मी पहिल्यांदा घेतलं, आणि तेही बिलावरून. त्या ते कान देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भरायला गेले, तर खिडकीवर कुत्रं नाही. तो मुलगा म्हणतो, माताजी, यहाँ लाइन नहीं लगती. असा राग आला! जन्मभर लोकांसाठी लाइनीत उभी राहिले, आणि माझ्या बिलाला लाइनच नाही."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, की आमच्या घरचं ते बँकेचं आपोआप भरणं मी बंद करून टाकलंय. आता मी स्वतः खिडकीवर जाऊन भरते. तर काकू माझ्यावरच उसळल्या. "कशाला बंद केलं? मूर्ख आहेस का? फुकटात घरबसल्या होतंय, तर शाळा सोडून उभी राहते उन्हात! अगं, मला सोयीचा राग होता का? उद्या मी पण करीन ते बँकेचं. मला राग याचा होता, की एवढ्या घरांत एकानं पण सांगितलं नाही, की काकू, उद्यापासून येऊ नका." मग बिलाची घडी करत म्हणाल्या, "सांगायला पैसे पडत होते का कोणाला?"

मला राग आला होता. बाबांचा, गल्लीचा, हसणाऱ्या त्या साहेबाचा, मिलला कुलूप लावून गेलेल्यांचा. एका बल्बसाठी, कागदावरच्या एका नावासाठी या बाईला म्हातारं व्हायला लावलं सगळ्यांनी मिळून. हा राग पुढे कमी होईल असं मला वाटलं होतं. काकू जाऊनही आता वर्षं झाली, तो कमी झालेला नाही.

बसची वेळ झाली तशा त्या मला सोडायला दारापर्यंत आल्या. ऊन अजून उतरलं नव्हतं. दारावरचा बल्ब मात्र चालूच होता. इतक्या वर्षांची त्यांची शिस्त माझ्या अंगात मुरलेली, माझा हात सवयीने बटणाकडे गेला. काकूंनी तो वरच्यावर धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या नावानं येतं."